पळसाच्या देठांचे बाबूजी

सौंदड, १८ नोव्हेंबर १९५६

भाऊ,

नमस्कार, खुशाली वगैरे सारं लिहून झालं असं समज. दोन वर्षांत तू एक ओळ पाठवली नाहीस, तेव्हा मीही थाटमाट करत नाही. भिलाईचा हा पत्ता नंदलालकाकांनी कोण्या फिटरच्या मागं लागून काढला. त्यात सरकारनं आम्हाला या महिन्यात मुंबई राज्यात ढकललं नि तू राहिलास मध्यप्रदेशात, म्हणजे तू आता परराज्यातला माणूस. तरी कामाचं आहे म्हणून लिहून राहिली आहे.

माझं लग्न जमत आहे. आमगावचं घर आहे, मुलगा माझ्यासारखाच शाळेत मास्तर. बरा आहे, जास्त बोलत नाही. सारं पसंत पडलं नि गाडी अडली तिथंच, जिथं तुझी अडली होती. मुलाच्या वडिलांनी काकांना विचारलं, "मुलीची आई मांडवात सवाशीण म्हणून बसणार की कशी? ते एकदा ठरवा, मग तारीख काढू." माय आत तांदूळ पाखडत होती. सूप हातात घेऊनच बाहेर आली नि म्हणाली, "जशी आहो तशीच बसन." कपाळावर रोजच्यासारखं रुपयाएवढं कुंकू. पाहुण्यांनी चहा घेतला नि गेले.

तुझ्या वेळचं मी उकरून काढत नाही. "मेलेल्याचं कुंकू लावून फिरते" असं आपल्या मायला म्हणणारा तू, नि तुझ्या थोबाडीत देणारी ती. मला त्या दिवशी दोघांचंही खरं वाटलं होतं. अजूनही वाटतं, हीच माझी पंचाईत आहे.

काका म्हणतात, आता तर बोलायलाच जागा नाही. पलटणीच्या कचेरीतून बाबूजी बेपत्ता झाल्याचा कागद आला चव्वेचाळीसमध्ये. त्याला बारा वर्षं झाली. बारा वर्षं ज्याचा पत्ता नाही त्याचा विधी करायचा, असा आपल्यात रिवाज आहे. पळसाच्या देठांचा माणूस बांधायचा, त्याला नारळाचं डोकं लावायचं, चुलबंद नदीच्या काठी नेऊन त्याला मुलानं अग्नी द्यायचा. म्हणजे बाबूजी पितरांत जातील. तोवर ते ना इकडचे ना तिकडचे. काका रडले सांगताना. म्हणाले, "माझा भाऊ अधांतरी लटकून राहिला, अन् वहिनी म्हणते लटकू द्या."

फागुनात पळसाची पानं झडतात, त्याच्या आत हे उरकलं पाहिजे. मायचं एकच चालू आहे, "जो मेला नाही त्याले जाळता कायले?"

म्हणून मी ठरवलं आहे की बाबूजींचा छडा आपणच लावायचा. बाबूजी लढाईत होते, एवढं सोडून आपल्याला त्यांचं काय माहीत आहे, सांग बरं. कोणत्या मुलखात होते, कोणासोबत होते, कसे पडले, काही नाही. कोहमाऱ्याच्या नाक्यावर उदाराम म्हणून एक जण चहाचं होटेल चालवतो, तो त्यांच्याच कंपनीत होता म्हणे. रविवारी जाते. त्यानं डोळ्यांनी पाहिलं असेल तर माय ऐकेल. मग तुला यावंच लागेल.

दुलारी


सौंदड, २ डिसेंबर १९५६

भाऊ,

उत्तर नाही. ठीक आहे, मला सवय झाली.

उदाराम भेटला. धिप्पाड माणूस, एका कानानं ऐकत नाही, त्यामुळं ओरडून बोलतो. मी तेजराम रहांगडाल्यांची मुलगी म्हटल्यावर त्यानं माझ्याकडं पाहिलं नि पोऱ्यावर खेकसायचं सोडून स्वतः चहा केला. भजी दिली. मी विचारत गेली नि तो तोच एक गिलास पुसत गेला.

ब्रह्मदेशाच्या सीमेवर होते म्हणे ते. चिखल, जळवा, पायातले बूट सडून गेलेले. बाबूजी पायदळातले, बंदूक खांद्यावर घेऊन चालायचं एवढंच काम. एकदा रसद आली नाही तेव्हा बाबूजींनी बांबूचे कोंब, आपले वास्ते, शिजवून साऱ्या तुकडीला खाऊ घातले. उदाराम म्हणाला, "पलटणीत साहेब बी विचारे, हा कोण सैंपाकी? मी म्हणो, साहेब, हा झाडीतला आहे. झाडीतला माणूस उपाशी मरत नाही." मला इतकं बरं वाटलं, भाऊ. आपल्या बाबूजींची एक तरी गोष्ट आता आपल्याकडं आहे.

मग मी विचारलं ते कसे गेले. तेव्हा तो ओरडून बोलायचा थांबला. म्हणाला, "नदीच्या काठी पडला. गोळी लागली. मीच डोळे मिटले त्याचे, मीच माती देल्ली. जास्त नको विचारू पोरी." कोणती नदी म्हटलं तर तिकडच्या नद्यांची नावं ध्यानात राहत नाहीत म्हणाला.

मोटारीत मी रडली. बारा वर्षांचं शिळं दुःख आहे, रडू येणार नाही असं वाटलं होतं. खूप आलं. शेजारची बाई मला पदरानं वारा घालत होती.

मायला सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं नि काय विचारावं? "उदारामनं सांगलं? असं तोंडावर सांगलं?" मी हो म्हटलं. "बरा बोलते तो," म्हणाली नि गाईला कुटार टाकायला गेली. कपाळ तसंच. मला तिचं काही म्हणता काही समजत नाही. ज्यानं माती दिली तो सांगतो आहे, आणखी काय पाहिजे?

काकांनी महाराजांना विचारलं. महाराज म्हणाले, माणूस गेल्याचं साक्षीदारानं सांगितलं तर तिथी पण पाहिजे. उदारामला तिथी माहीत नाही. एवढंच म्हणतो, भाताची रोवणी चालू असते ते दिवस होते. त्यांच्या कंपनीतला तिसरा माणूस गोंदियाचा, भैय्यालाल. स्टेशनजवळ सायकलींचं दुकान आहे. त्याला ठाऊक असेल म्हणाला, पण म्हणता म्हणता पोऱ्याला हाक मारत आत निघून गेला, जसं नाव घेऊन चूक केली.

तू तयारीनं ये. मायशी बोलू नको हवं तर. अग्नी दे नि जा.

दुलारी


सौंदड, २३ डिसेंबर १९५६

भाऊ,

येऊ नको. हे पत्र पोचायच्या आधी निघाला असशील तर दुर्गवरून परत फिर.

बाबूजी मेले नाहीत.

नीट सांगते, माझं मलाच नीट लागू दे. काल छोट्या लाईनच्या गाडीनं गोंदियाला गेली. भैय्यालालचं दुकान सापडलं. पिकलेल्या मिशा, तोंडात विडी, टायरचं पंक्चर काढत बसला होता. मी म्हटलं, काकाजी, तेजराम रहांगडाले कोणत्या तिथीला वारले, तुम्हाला आठवतं का? तर तो हसायला लागला. "कौन मर गया? तेजराम? किसने कहा?" मी उदारामचं नाव सांगितलं. त्यावर त्यानं हातातलं टायर खाली ठेवलं.

म्हणाला, "बेटी, तेरा बाप और मैं एक साथ छूटे. छियालीस में. कलकत्ते से एक ही डिब्बे में आये. इसी गोंदिया टेसन पे उतरे. मैंने कहा, घर चल, खाना खा के जा. बोला नहीं, छोटी लाईन की गाडी लगी है. दौडते दौडते गया. दस साल हो गये, एक बार मिलने नहीं आया. हम तो नाराज बैठे हैं उस पे."

सेहेचाळीस साल, भाऊ. लढाई संपल्यावर. छोट्या लाईनच्या गाडीत बसले ते सौंदडलाच येणार ना, दुसरीकडं कुठं जातील? मग उतरले नाहीत का? उतरले तर गेले कुठं? मी दुकानापुढच्या बाकावर बसून राहिली नि माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं. वाटेत कोणी लुटलं असेल. स्मृती गेली असेल, लढाईत होतं म्हणे तसं. नागझिऱ्याच्या रानाकडं वाट चुकून वाघानं... पण नागझिऱ्याकडं ते जातील कायले, गाडी तर सरळ गावात येते. नि उदारामनं माती दिली ती मग कोणाला?

बेपत्ता म्हणजे काय ते पण भैय्यालालनंच सांगितलं. तुकडी मागं हटली तेव्हा बाबूजी ताप येऊन मागं राहिले, दोन महिन्यांनी दुसऱ्या पलटणीसोबत परत आले. पहिला कागद घरी गेला, दुसरा कोणी पाठवलाच नसेल. नंतर त्यांची छावणी आसामात होती. दिब्रुगडच्या बाजूला चहाचे बगीचे आहेत, सुटी मिळाली की तिकडं जायचे. "उधर उसका आना-जाना था," म्हणाला नि लगेच दुसऱ्या गिऱ्हाईकाशी बोलायला लागला.

आता ऐक. माझं ठरलं आहे. बाबूजी परत आसामात गेले असतील, आजारी असतील, डोकं ठिकाणावर नसेल. उन्हाळ्याच्या सुट्टीत आपण दोघं जाऊ. बगीच्याचं नाव भैय्यालालला आठवेल, मी पुन्हा विचारीन. लग्न थांबेल तर थांबू दे. बाबूजींना हात धरून आणू नि मांडवात मायच्या शेजारी बसवू, मग विचारा म्हणावं आमगाववाल्यांना, सवाशीण की कशी.

मला वाटलं माय ऐकून वेडी होईल आनंदानं. बारा वर्षं साऱ्या गावाशी एकटी भांडली, नि तिचंच खरं निघालं. चुलीपाशी होती. मी सांगितलं नि तिनं वरणात मीठ टाकलं, थोड्या वेळानं पुन्हा टाकलं. "कोण भैय्यालाल?" म्हणाली. रात्रीचं वरण कोणाला खाववलं नाही.

भाऊ, तिची क्षमा माग. तू नाही मागितलीस तरी मी तुझ्या नावानं मागून टाकली आहे.

दुलारी


सौंदड, १३ जानेवारी १९५७

भाऊ,

येऊ नको लिहिलं होतं ते खोड. ये. पौषातल्या अमावस्येला विधी आहे.

तू म्हणशील ही पोरगी येडी झाली. मी पण तेच म्हणते. पण माझा यात काय दोष? प्रत्येक जण सांगतो ते शपथेवर सांगतो नि एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही.

मी उदारामकडं पुन्हा गेली, चांगली भांडायच्या तयारीनं. जिवंत माणसाला माती दिलीत तुम्ही, म्हटलं. होटेलात ट्रकवाले बसले होते, सारे माझ्याकडं पाहायला लागले. मला वाटलं तो हुसकून लावेल. त्यानं मला मागच्या अंगणात नेलं नि म्हणाला, "मी खोटं बोललो. कोणी तरी मले तसं सांगाले लावलं होतं, मी जबान देल्ली होती. याच्यापुढं एक शब्द विचारू नको." कोणी लावलं म्हटलं तर म्हणतो, "मायले विचार."

घरी आली नि विचारलं. सरळ विचारलं, माय, उदारामला बाबूजी मेले म्हणून सांगायला कोणी लावलं? ती म्हणाली, "मी तं नाई लावलं." मग कोणी? ती तांदूळ निवडत राहिली. बरं, म्हटलं, नको सांगू. मी हेडमास्तरांना उन्हाळ्यात आसामात जायचं सांगून ठेवलं आहे, भैय्यालालनं बगीच्याचं नाव आठवून दिलं आहे, मी तिथंच जाऊन विचारीन.

मायनं तांदळाचं ताट बाजूला ठेवलं.

"बगीच्याचं नाव कळलं तुले?"

हो, म्हटलं.

"तं मनोहरले पत्र टाक. नंदलालभाऊजीले सांग, पळसाचे देठ काढून आणा म्हणा. करून टाका."

भाऊ, तूच सांग, मी याचा काय अर्थ लावू? सारं गाव बारा वर्षं म्हणत होतं मेला, तेव्हा ही म्हणे जिवंत आहे. आता मी पुरावा आणून म्हणते जिवंत आहे, तर ही म्हणते जाळा. मी भांडली. पाप लागेल म्हटलं, जित्या माणसाचे दिवस घालतेस. ती म्हणाली, "पाप माझ्या अंगावर. तू काऊन बोंबलून राहिली?" काका तर इतके खूश झाले की त्याच दिवशी पोरांना घेऊन रानात गेले. आमगावला निरोप पण गेला. साऱ्यांच्या मनासारखं झालं, नि मी एकटीच रात्री उठून हे पत्र लिहून राहिली आहे.

मला थांबवता येत नाही. तुला येत असेल तर येऊन थांबव. तू मुलगा आहेस, तू नाही म्हटलं तर अग्नी कोण देईल? नि देणार असशील तर तसा ये. काय करावं ते मी सांगत नाही. मला माहीत असतं तर चार पत्रं लिहिली असती का?

दुलारी


सौंदड, ६ फेब्रुवारी १९५७

भाऊ,

तू आलास, अग्नी दिलास नि संध्याकाळच्या गाडीनं गेलास. काका रागावले, मुलानं सुतक पण पाळलं नाही म्हणाले. बाकीचं ते करून राहिले आहेत. मी तुला बोल लावत नाही. नदीवरून आल्यावर तू पडवीत उभा होतास नि माय आतून तुझ्याकडं पाहत होती, ते मी पाहिलं. दोघांपैकी कोणी तरी बोलेल म्हणून मी पाण्याचा तांब्या घेऊन उभीच राहिली. तू पाणी न पिताच पिशवी उचललीस.

बाया आल्या होत्या बांगड्या फोडायला. मायनं त्यांना हात लावू दिला नाही, स्वतःच जात्यावर हात आपटला. तू तेव्हा गेला होतास.

आता जे लिहिते ते लिहू नको म्हणून मायनं मला बजावलं आहे. "मनोहरनं बापाले अग्नी देल्ला, त्याले तेवढं पुरे," म्हणाली. पण तू दोन वर्षांआधी ज्या शब्दावर घर सोडलंस तो शब्द खोटा होता, भाऊ. ते मेलेल्याचं कुंकू नव्हतं. तुला हे माहीत नसेल तर मी कशी जगू?

काल दुपारी आम्ही दोघी तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. तिचे हात असे भुंडे, मला पाहवत नव्हतं, म्हणून मी खाली मान घालून सोलत होती. तीच बोलायला लागली.

बाबूजी आले होते. सेहेचाळीसमध्येच, धान कापणीच्या दिवसांत. माय धानाच्या बांधीत, आपल्या शेतात, एकटी कापत होती, आपण दोघं शाळेत. मागून कोणी तरी खाकरलं. पाहते तर हे उभे. अंगावर पलटणीचा कोट, पायात बूट, चिखलात यायला तयार नाहीत, बांधावरूनच बोलले. माय म्हणाली, "मले वाटलं आता मी पडतो. पडली नाई. विळा हातातच होता."

तिकडं आसामात एक बाई होती. बगीच्यात पत्ती तोडणारी. तिला लेकरू झालं होतं. बाबूजी ते सांगायलाच आले होते, राहायला नाही. उदारामला वाटेत भेटून पढवून आले होते, कोणी विचारलं तर मेलो म्हणून सांग. मायला पण तेच म्हणाले, "तू बी मेला म्हणून सांग. पोरायले बाप लढाईत मेला म्हटलं तं मान राहीन. तुले बी मोकळीक."

मायनं काय सांगितलं असेल? "मी म्हटलं, तुमाले मराचं असन तं मरा. मी खोटं रांडपण घेणार नाई. तुमी जिते आहा तवरीक कुंकू लावीन. लोकायले काय सांगाचं ते तुमी सांगा."

मग त्यांना भूक लागली होती म्हणून तिनं आपली शिदोरी सोडली. ते बांधावर बसून जेवले. आपल्या दोघांबद्दल विचारलं, कितवीत आहेत, ताप वगैरे येतो का. शाळा सुटायच्या आत गाडीला निघून गेले.

एवढंच, भाऊ. दहा वर्षं आपण समजत होतो की ही आशेवर बसली आहे. गाव तिला येडी म्हणायचं, मी पण मनात म्हणायची. तिला आशा कधी नव्हतीच. ती फक्त खरं तेवढं कपाळावर लावत होती, नि ते खरं आहे हे कोणाला सांगता येत नव्हतं. सांगितलं असतं तर आपल्याला लढाईत पडलेला बाप उरला नसता.

मी विचारलं, मग आता का? इतकी वर्षं दम धरला, आता जात्यावर हात का आपटला?

म्हणाली, "तू शोधाले निघाली ना. बगीच्याचं नाव बी आणलं. साऱ्या गावाले भेव होता का तो सापडणार नाई. मले भेव होता का तो सापडन. तू तेथं गेली असती, त्या बाईच्या दारात उभी राहिली असती, तिचं लेकरू बाहेर आलं असतं. मंग तू कोणाचा हात धरून आणणार होती?"

मी शेंगा तशाच ठेवल्या. भाऊ, तिला विधवा मी केलं. बाबूजींनी नाही, लढाईनं नाही, काकांनी नाही. मी बाबूजींचा शोध लावत होती, मला वाटत होतं तिच्यासाठी करून राहिली आहे. कोणी मला आधी सांगितलं असतं तर मी थांबली नसती का? पण थांबली असती असं पण मला नक्की वाटत नाही. तुझ्यासारखीच आहे मी, तोंडानं सुटते नि मग मागं पाहते.

आमगाववाल्यांनी तारीख काढली आहे. वैशाखात. माय मांडवात बसणार नाही, आत राहीन म्हणते. कन्यादान काका-काकू करतील. तू येणार आहेस, मी विचारत नाही, सांगते.

आता एकच अडलं आहे. पत्रिका छापायला गोंदियाला द्यायची आहे. कै. तेजराम रहांगडाले यांची कन्या, असं काकांनी लिहून दिलं. माझ्या हातानं तो कागद पाकिटात जात नाही. जित्या माणसाच्या नावामागं कै. कसं लावू? मायला विचारलं.

"लाव," म्हणाली. "विचारते काय."

मी म्हटलं, माय, नि कोणी ती पत्रिका त्यांना दाखवली, नि ते आले तर?

ती शेंगा सोलतच होती. म्हणाली, "येऊ दे ना. आजवर आला असता तं नवरा म्हणून घरात घ्याच लागलं असतं, कुंकू होतं कपाळावर. आता आला तं भूत आहे. दारातूनच हाकलीन."

दुलारी